चुकीच्या कपाटातलं पुस्तक

वाचनालयात तिला सगळे ताई म्हणायचे. शाळेतली पोरं ताई म्हणायची, त्यांच्या आया ताई म्हणायच्या, आणि वर्तमानपत्राच्या टेबलावर रोज त्याच खुर्चीसाठी भांडणारे दोन निवृत्त मास्तरही ताईच म्हणायचे. पाठीमागे मात्र तिचं नाव शूःताई होतं. कारण उघड होतं. कुणी जरा मोठ्याने बोललं, खुर्ची ओढली, नाक शिंकरलं, की काउंटरमागून आवाज आलाच, शूः! आपलं हे नाव तिला ठाऊक नव्हतं असं नाही. पण ठाऊक असलेल्या सगळ्याच गोष्टी बोलून दाखवायच्या नसतात, हे तिला लहानपणापासून जमत होतं. जरा जास्तच जमत होतं, तेच तर नडलं.

तिची दुसरी ख्याती म्हणजे तिचं एक वाक्य. "चुकीच्या जागी ठेवलेलं पुस्तक म्हणजे हरवलेलं पुस्तक." नव्या वाचकाला कार्ड देताना ती हे सांगायचीच. पुस्तक काढलं आणि नको झालं तर कपाटात खुपसू नका, टेबलावर ठेवा, मी लावीन. आणि ती लावायची. अगदी डोळ्यांत तेल घालून लावायची. एवढ्या वर्षांच्या नोकरीत तिच्या हातून एक पुस्तक इकडचं तिकडे झालं नव्हतं.

आणि जे झालं, तेही एका शब्दापायी.

वाचनालयाच्या मागच्या भिंतीला तीन कपाटं शेजारी शेजारी होती. कविता, बागकाम आणि खेळ. या तिघांचं एकमेकांशी काही नातं होतं म्हणून नव्हे, तर उरलेल्या भिंतीत एवढंच मावत होतं म्हणून. खेळाचं कपाट म्हणजे खरं तर बेसबॉलचंच. गावाला या खेळाचं वेड होतं. बाकीच्या खेळांना खालचा एक कप्पा दिलेला, तोही अर्धा रिकामा.

या तीन कपाटांचे वाचक पाहत बसणं हा ताईचा खासगी छंद होता. बागकामाची पुस्तकं नेणाऱ्यांत निम्म्यांकडे बागच नव्हती. एक शिवणकाम करणारी बाई होती, तिसऱ्या मजल्यावर राहायची, खिडकीत एक मरतुकडं रोप. पण ती गुलाबांच्या वाफ्यांची पुस्तकं अशी वाचायची, जशी बाकीच्या बायका परदेश प्रवासाची वाचतात. बेसबॉलवाल्यांची तऱ्हा आणखी न्यारी. ज्या सामन्याचा निकाल गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत, त्याचं वर्णन पुन्हा पुन्हा वाचायचे, आणि आपला संघ याही वेळी हरला की "छ्या!" करून पुस्तक मिटायचे. जणू या खेपेला जिंकायची शक्यता होती! आणि कवितावाले? ते उभ्या उभ्या एक पान वाचायचे, इकडेतिकडे बघायचे, कुणी पाहिलं तर नाही ना, आणि पुस्तक परत ठेवून द्यायचे. ताई स्वतः त्यांतलीच.

कशासाठी वाचत असतील हे लोक? ताईचं मत असं, की तिन्ही कपाटं एकाच माणसाची आहेत. ज्याला वाट पाहायला आवडतं, त्याची. बी पेरून बसायचं, हंगाम येईल म्हणून बसायचं, नाहीतर एका ओळीनंतर दुसरी ओळ येईल म्हणून बसायचं. तिघांनाही बसून राहण्यातच गोडी.

चष्मेवाले यांतल्या दोन कपाटांचे गिऱ्हाईक. बागकाम आणि बेसबॉल. चौकात त्यांचं चष्म्याचं छोटं दुकान होतं, आणि दुकानामागे एक वीतभर बाग. बायको वारली होती, मुलगी लग्न होऊन दूरच्या शहरात. माणूस उंच, थोडा पोक आलेला, आणि समोरच्याच्या डोळ्यांकडे न बघता चष्म्याकडे बघून बोलायची सवय. धंद्याचा दोष, दुसरं काय.

त्या वर्षी वाचनालयात नवी पुस्तकं आली, त्यांत एकाचं नाव होतं 'हिवाळ्यातली कलमं'. ताईने नाव वाचलं, घाईत होती, आणि पुस्तक बागकामाच्या कपाटात लावून दिलं. हिवाळ्यात कलमं करतात, ती जगतात की नाही, असलं काहीतरी असणार. चष्मेवाल्यांनी ते नेलं आणि पुढच्या आठवड्यात काउंटरवर आणून ठेवलं.

"अहो, यात कलम कसं करायचं ते कुठंच दिलेलं नाही."

ताईने पुस्तक उघडलं आणि तिचे कान तापले. कविता! लेखणीची कलमं ती! "माझीच चूक झाली. हे कवितांचं आहे."

"कवितांचं?" चष्मेवाले विचारात पडले. "म्हणजे मी दोनदा वाचलं, त्या कविता होत्या?"

"दोनदा?"

"पहिल्यांदा वाटलं, माळी जरा भ्रमिष्ट दिसतोय. म्हणून परत वाचलं. तो म्हणतो, फांदी तोडल्यावर झाडाला कळलं की आपल्याला फांदी होती. आता बागकामाच्या पुस्तकात असं कुणी लिहितं का, सांगा. पण खोटं नाही हो ते. बायको गेली त्या वर्षी मला एकही झाड छाटता आलं नव्हतं." मग घसा खाकरून म्हणाले, "आणखी असं काही चुकून लागलं असलं, तर बघा."

एवढं बोलून गेले. आणि ताई, शिस्तीची मूर्ती, शिक्का हातात धरून तशीच उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी तिने एक कवितासंग्रह उचलला आणि मुद्दाम, राजरोस, बागकामाच्या कपाटात ठेवला.

मग ते सुरूच झालं. दर आठवड्याला एक पुस्तक भलत्या जागी. कविता बागेत, बाग बेसबॉलमध्ये. चष्मेवाल्यांना ते बरोबर सापडायचं. घेऊन काउंटरवर यायचे, चेहरा अगदी साळसूद. "हे चुकून लागलेलं दिसतंय." "अरेच्चा, हो का?" ताई म्हणायची आणि शिक्का मारायची. त्यापुढे दोघांपैकी एकाच्याही तोंडून एक अक्षर निघेल तर शपथ.

पुस्तकांवर मात्र बोलायचे. तिला बेसबॉल त्यांनीच शिकवला, काउंटरवरच, रबरी शिक्के मांडून. हा बॅटवाला उभा राहतो ती जागा म्हणजे घर. इथून निघायचं, पहिला बेस, दुसरा बेस, तिसरा बेस, आणि परत घर. बेस म्हणजे जमिनीवरची चपटी उशी, तिला पाय टेकला की तुम्ही सुरक्षित.

"म्हणजे घरातून निघून घरीच यायचं?" ताई म्हणाली. "मग निघायचं कशाला?"

चष्मेवाले असे हसले की तिला स्वतःच स्वतःला शूः करावं लागलं.

"तिसऱ्या बेसवरचा माणूस बघा," ते म्हणाले. "घर समोर दिसतंय. चार ढांगांवर. पण मागून येणारा बॅटवाला चेंडू मारेपर्यंत तो बिचारा तिथेच. कुणी मारलाच नाही, तर डाव संपला, तो तिथेच राहिला. त्याची धाव मोजतसुद्धा नाहीत."

"स्वतःहून पळालं तर चालत नाही?"

"चालतं की. पण त्याला फार छाती लागते. आमच्यासारख्यांचं काम नाही ते." आणि नेहमीसारखं तिच्या डोळ्यांकडे न बघता चष्म्याकडे बघत म्हणाले, "तुमची डावी काडी सैल झालीय. द्या इकडे."

खिशातून इवलासा स्क्रू-ड्रायव्हर काढून त्यांनी काडी घट्ट केली, काचा आपल्या रुमालाने पुसल्या आणि चष्मा परत दिला. देताना जरा वाकून, दोन्ही हातांनी. ताईला तेवढा वेळ काहीच नीट दिसत नव्हतं, आणि तिला वाटलं, बरंय, असंच असू दे थोडा वेळ.

आता पुढचं सांगायला मलाच लाज वाटते, पण सांगतो. त्यानंतर ताईचा चष्मा वरचेवर सैल व्हायला लागला. घरी आरशासमोर बसून ती नेलकटरच्या टोकाने स्क्रू सैल करायची. पन्नाशी उलटलेली बाई! वाचनालयात जिच्या नजरेने पोरांची तोंडं बंद व्हायची, ती!

घरी दादा आणि वहिनी. तिघंच. वडिलांच्या आजारपणात ताईचं लग्न राहून गेलं, मग राहूनच गेलं, आणि पुढे कुणी विषय काढेनासं झालं. वहिनी मात्र तिखट डोळ्यांची. मोतीबिंदू झालेला असूनही दिसायचं ते सगळं दिसायचं.

"काय गं, तुझाच चष्मा बरा रोज ढिला होतो? माझा तर इतकी वर्षं झाली, हलला नाही."

"स्वस्तातला आहे माझा."

"हो का? बरं एक सांग, ते चष्मेवाले तुला काय म्हणून हाक मारतात?"

ताई विचार करायला लागली आणि तिच्या हातातला कप तसाच राहिला. अहो म्हणतात. ऐकलंत का म्हणतात. काहीच न म्हणता नुसतं खाकरतात. अख्ख्या गावात हा एकच माणूस असा, ज्याने तिला कधी, एकदाही, ताई म्हटलं नव्हतं.

वहिनी गालात हसली आणि चहा ओतायला लागली. ताई मात्र त्या दिवशी कामावर दोनदा चुकीची तारीख मारून बसली.

मग एका सोमवारी चष्मेवाले पुस्तक न घेताच काउंटरवर आले. म्हणाले, दुकान विकतोय. मुलीला जुळं झालंय, एकटीला आवरत नाही, ती म्हणते बाबा या आता. नजर शिक्क्यांवर. "शनिवारी कार्ड द्यायला येतो. आता काय, इथलं सगळं आटोपलंच."

शेवटचं वाक्य त्यांनी असं सोडलं, की कुणीतरी 'कशावरून?' असं विचारावं. ताईला ते कळलं. शब्द ओठांपर्यंत आला, आणि तोंडातून निघालं ते असं: "कार्डाबरोबर बाकी पुस्तकंही जमा करावी लागतील."

"हो, ते तर आहेच," चष्मेवाले म्हणाले आणि गेले.

तिला स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. आयुष्यभर लोकांना गप्प केलं, आणि एकदा बोलायची वेळ आली तेव्हा नियम सांगितला!

पण पुस्तकं होती ना. मंगळवारी ती कवितांच्या कपाटासमोर बराच वेळ उभी राहिली, आणि एक जुना, पाठ विटलेला संग्रह काढला. त्याचं नाव 'एवढ्यात जाऊ नकोस'. बास. याहून स्पष्ट तिच्याने होणार नव्हतं. ते तिने बेसबॉलच्या कपाटात, चष्मेवाल्यांच्या नेहमीच्या कप्प्यात, पाठ बाहेर येईल असं ठेवलं. आता शनिवार येऊ दे.

गुरुवारी वहिनीच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. ताईने रजा घेतली, दिवसभर इस्पितळाच्या बाकावर बसली, आणि मनातल्या मनात शनिवारची वाक्यं घोकत राहिली. शुक्रवारी कामावर आली तर नवे ग्रंथपाल साहेब दारातच उभे, चेहरा फुललेला. साहेब वाईट माणूस नव्हते. महिन्यापूर्वीच बदलून आले होते आणि त्यांना सगळं कसं नीटनेटकं लागायचं.

"ताई, तुमच्या मागच्या भिंतीची तीनही कपाटं काल लावून टाकली! अहो, काय गोंधळ होता! बेसबॉलमध्ये कविता! तुम्ही इतक्या काटेकोर, म्हटलं वाचकांनीच केलं असणार. एक पुस्तक चुकीच्या जागी ठेवलं नाही आता."

ताईने बेसबॉलच्या कपाटाकडे पाहिलं. नेहमीच्या कप्प्यात बेसबॉलची पुस्तकं होती. फक्त बेसबॉलची.

"आणि ते चष्मेवाले काल संध्याकाळीच कार्ड देऊन गेले. मुलगी गाडी घेऊन आली होती, दोन दिवस आधीच. तुम्हाला विचारत होते, मी म्हटलं रजेवर आहेत. तिथे कपाटापाशी कितीतरी वेळ उभे. मला म्हणाले, इथे चुकून लागलेलं काही नव्हतं का? मी म्हटलं, छे, आता काही चुकलेलं नाही. मग जाताना कवितांच्या कपाटाकडे जाऊन आले. म्हटलं, वा, शेवटी तरी कवितेची आठवण झाली!"

ताई "बरं" म्हणाली, खुर्चीवर बसली आणि त्या दिवशी आलेल्या सगळ्या पुस्तकांवर शिक्के मारले. काय समजले असतील ते? की तिने थांबवलं. जायच्या आठवड्यातच थांबवलं. दुसरं काय समजणार?

पुढचे दिवस कसे गेले ते विचारू नका. चष्म्याच्या दुकानात मोबाईलची कव्हरं विकणारा आला. दुकानामागच्या बागेत त्याने खोकी रचली. ताईचा चष्मा सैल झाला की ती स्वतःच घट्ट करायची, वहिनी बघायची आणि काही बोलायची नाही, आणि वहिनीचं न बोलणं जास्त लागायचं. रेडिओवर बेसबॉल लागला की ताई आता थांबून ऐकायची. डाव संपताना निवेदक सांगायचा, इतके जण बेसवरच राहिले, आणि तिला भरून यायचं. आठवण यायची म्हणजे काय, तर संध्याकाळी दार वाजलं की मान वर व्हायची, दुसराच कुणी आत यायचा, आणि ती उगाचच त्याच्यावर खेकसायची. कवितांच्या कपाटाकडे मात्र ती फिरकलीच नाही. तिकडे जायचं म्हणजे 'एवढ्यात जाऊ नकोस' आपल्या योग्य जागी बसलेलं बघायचं. ते तिच्याने होईना.

आणि मग एका दुपारी ती शिवणकाम करणारी बाई काउंटरवर आली, हातात पुस्तक, कपाळाला आठ्या.

"ताई, हल्लीच्या कविता काय कळत नाहीत बाई. म्हटलं जरा बदल म्हणून न्यावं, तर यात नुसते पाय. कसं उभं राहायचं, कधी निघायचं. यमक तर औषधालाही नाही."

ताईने पुस्तक हातात घेतलं. 'वाट पाहणारा धावक'.

साहेब पुढे आले, यंत्रावर पुस्तकाचा क्रमांक तपासला आणि त्यांचा चेहरा पडला. "हे खेळाचं आहे! तिसऱ्या बेसवर कसं खेळावं त्याचं. पण मी त्या दिवशी स्वतः लावलं होतं हो, खेळात! माझ्यानंतर कुणीतरी कवितांत नेऊन ठेवलंय. नाव असं की कुणाला शंकाही येणार नाही. कोण असले उद्योग करतं?"

ताईला माहीत होतं कोण. त्या गुरुवारी तिने ठेवलेलं काही सापडलं नाही, तेव्हा जाता जाता त्यांनीच तिच्यासाठी ठेवलं होतं. तिच्या कपाटात. आणि ती रुसल्यासारखी इतके दिवस त्या कपाटाला पाठ दाखवून बसली होती. एवढे दिवस ते तिथे, तिसऱ्या बेसवर, आणि ही मुलखाची शहाणी शिक्के मारत!

"ठेवू का परत जागेवर?" साहेबांनी हात पुढे केला.

"थांबा हो जरा!" ताई ओरडली. ओरडलीच. वर्तमानपत्रांच्या मागून दोन्ही मास्तरांची डोकी वर आली.

तिने पिशवीतून चष्म्याची डबी काढली. डबीच्या आत दुकानाचं नाव आणि त्यांचा मोबाईल नंबर छापलेला होता. नंबर इतके महिने तिच्या पिशवीतच होता, उघडून मिटून तिने डबीचं बिजागर खिळखिळं केलं होतं. काउंटरवरचा फोन तिने ओढला आणि नंबर फिरवला. साहेब आ वासून बघत राहिले.

पलीकडे लहान मुलांचा रडण्याचा आवाज, आणि मग, "हॅलो?"

घोकलेली सगळी वाक्यं पळाली. "माझा चष्मा सैल झालाय हो," ती म्हणाली.

मुलांचा आवाज दूर गेला, दार लागलं. "डावी काडी की उजवी?"

"दोन्ही." मग तिने डोळे मिटले. "मीच करत होते सैल. पहिल्यापासून."

"माहीत आहे."

"माहीत आहे म्हणजे?"

"स्क्रूच्या डोक्यावर ओरखडे असायचे. नेलकटरचे. मी जन्मभर चष्मे दुरुस्त केलेत, मला कळणार नाही?"

"मग बोलला का नाहीत? इतके दिवस? मूग गिळून बसलात ते?" ताईचा आवाज चढत चालला होता आणि डोळे वाहत होते, आणि तिला दोन्हीची शुद्ध नव्हती. "मी तुमच्यासाठी पुस्तक ठेवलं होतं! एवढ्यात जाऊ नकोस, असं नाव होतं त्याचं! ते या साहेबांनी लावून टाकलं!"

साहेब एक पाऊल मागे सरकले.

"मी वाट बघत होतो," चष्मेवाले हळूच म्हणाले. "सांगितलं नव्हतं का तुम्हाला? तिसऱ्यावरच्या माणसाला स्वतःहून निघायची छाती नसते. मागून कुणीतरी चेंडू मारावा लागतो."

"मग आता मारला ना मी!" ताई रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून ओरडली. "धावा!"

आणि वर्तमानपत्राच्या टेबलावरून, मान वर न करता, दोघांपैकी थोरले मास्तर म्हणाले, "शूः!"